ऐंशी हजार देऊन प्रकाशकाकडं जाऊ की स्वतःच छापू?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. पाच वर्षं चाललेली कादंबरी या जानेवारीत पुरी झाली. आता अडकलेय ती छापण्यापाशी.

आधी कादंबरी कशी आहे ते सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं, तेव्हा आमचं घर नऊ दिवस पाण्यात होतं. कादंबरीत १७ प्रकरणं आहेत, ३९ पासून ५५ पर्यंत, एकेका फुटाचं एक. पान आडवं दोन भागांत विभागलंय. वर घरातली गोष्ट, खाली पाणी. पाणी म्हणजे बारीक टायपातला, विरामचिन्हं नसलेला मजकूर: फोनवरची बोलणी, रेडिओ, शेजाऱ्यांच्या हाका. प्रत्येक प्रकरणात हा खालचा मजकूर वर चढतो आणि वरची गोष्ट आक्रसते. ५५ व्या प्रकरणात वर पानाला एकच ओळ उरते.

तीन मोठ्या प्रकाशकांचं उत्तरच आलं नाही. एका छोट्या प्रकाशकाचा मात्र चार दिवसांत फोन आला. "मॅडम, प्रयोग जबरदस्त आहे." अट अशी: ८०,००० रुपये मी द्यायचे, ते ५०० प्रती छापणार, त्यातल्या १०० मला, आणि रॉयल्टी पहिली आवृत्ती संपल्यावर. करार एका पानाचा. त्यात "सर्व हक्क प्रकाशकाधीन" एवढंच वाक्य ठळक. नमुन्याची पानं मागवली तर त्यांनी खालचा सगळा मजकूर कंसात टाकून वरच्या गोष्टीत मिसळून दिलेला. वाचकाला सोपं जावं आणि कागदाची बचत व्हावी म्हणून, म्हणे.

पैसे देऊन त्यांच्याशी पानापानाला भांडू, की स्वतःच छापू? माझं हे पहिलंच पुस्तक आहे. मोकळेपणानं सांगा.

जोंधळा
ऐंशी हजारात दुभती म्हैस येती की ताई. आणि ती सकाळ-संध्याकाळ हिशेब देती.

कवितेचं पोतं
ताई, थांबा. सही करू नका. माझं ऐका आधी.

२०१७ ला मी असेच पंचेचाळीस हजार दिले होते. कवितासंग्रह, ५०० प्रती. प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले. माझ्या हातात ७५ प्रती आल्या. मग दोन वर्षं फोन केला की "चाललंय, हळूहळू विक्री आहे, कवितेला वेळ लागतो." २०१९ चा पूर आल्यावर निरोप आला की गोदामात पाणी शिरलं आणि तुमच्या ३८० प्रती गेल्या. मला त्या माणसाचीच कीव आली. आपलं नुकसान सोसून तो आपल्याला कळवतोय असं वाटलं.

पुढच्या वर्षी मित्राला मिरजेत स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर माझा संग्रह दिसला. सहा प्रती, कोऱ्या करकरीत, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. गाडेवाला म्हणाला, गठ्ठ्यानं आल्यात, वीस रुपयाला घ्या. पुरात भिजलेला कागद कसा होतो ते मला कुणी सांगायला नको, आमच्या गल्लीत तेव्हा वह्या-पुस्तकांचे लगदे फावड्यानं भरले होते. प्रकाशकाला विचारलं तर त्यानं फोनच बंद केला.

पैशाचं दुःख आहेच. पण किती छापल्या, किती विकल्या, किती भिजल्या हे मला कधीच कळणार नाही, याचं जास्त आहे. त्या कविता कुणी वाचल्या का, हेसुद्धा त्याच आकड्यात बुडालं.

पंचगंगाकाठ
वाचून गलबलून आलं, दादा. पुराचंच निमित्त पुढं केलं त्यांनी, हे जास्त लागलं.

शाईचे हात
मी प्रेसवाला. तीस वर्षं झाली या धंद्यात. पोतं यांच्यासारखे लेखक आमच्याकडं येऊन विचारतात, "खरंच ५०० छापल्या होत्या का?" तेव्हा उत्तर द्यायला काही नसतं. म्हणून छापण्याच्या आधी काय बघायचं ते सांगतो.

आपलं नेहमीचं पुस्तक डेमी आकारात असतं. १८ बाय २३ इंचाच्या एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं बसतात, त्याला फॉर्मा म्हणायचं. ताईंची १७ प्रकरणं आठ-आठ पानांची असतील तर १३६ पानं, आणि सुरुवातीची आठ धरून १४४. म्हणजे बरोबर नऊ फॉर्मे. एका प्रतीला नऊ कागद. ५०० प्रतींना ४,५०० कागद, म्हणजे पाचशे कागदांचा एक धरून नऊ रिम. मशीन लावताना थोडा कागद वाया जातो, तेव्हा साधारण दहा रिम धरा. प्रकाशकाला एवढंच विचारायचं: कागदाचं बिल दाखवा, छपाईचं बिल दाखवा. दोन्हीवर आकडा असतो. नऊ-दहा रिमच्या जागी दोन रिमचं बिल निघालं तर छापल्यात शंभर. हल्ली डिजिटलवर शंभर प्रती काढायच्या आणि पाचशे सांगायच्या हे फार सोपं झालंय.

आणि ताई, तुमच्या पाण्याच्या मजकुराबद्दल दोन गोष्टी. एक, ७० जीएसएम वजनाच्या पातळ कागदावर मागच्या पानाची शाई पुढं दिसते. तुमच्या पानात मोकळी जागा आहे, तिथं मागचं पाणी झिरपल्यासारखं दिसेल. ८० च्या खाली जाऊ नका. दुसरं, घडी घालताना एक-दीड मिलिमीटर सरकतंच, कुणीही छापा. समोरासमोरच्या दोन पानांवर पाण्याची रेघ जुळवायची असेल तर ती शिवणीपर्यंत नेऊ नका, अलीकडं थांबवा.

पंचगंगाकाठ
काका, मागचं पाणी झिरपल्यासारखं दिसेल म्हणालात, तर मला आधी वाटलं तेच बरं की! पण नको, वरची गोष्ट वाचता आली पाहिजे. ८० च घेऊ.

कलम एकोणीस
वकील आहे. "सर्व हक्क प्रकाशकाधीन" या वाक्याबद्दल थोडं लिहिते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलेल्याचा हक्क लिहिताक्षणी लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कलम १९ नुसार त्या लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि रॉयल्टी किती, हे सगळं यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेऊन प्रकाशकानं एका वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते परत लेखकाकडं येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो तो करार गप्प असतो तिथं. एकपानी करारात कुणी "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं लिहून ठेवलं आणि तुम्ही सही केलीत, तर गप्प राहायला जागाच उरत नाही. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या लेखकांना मी एक वाक्य घालायला लावते: "मांडणीत व मजकुरात लेखकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही बदल होणार नाही." ताईंच्या कादंबरीत मांडणी हाच मजकूर आहे, तेव्हा हे वाक्य सगळ्यात वर हवं.

जोंधळा
वकीलताई, हे छापून प्रत्येक ग्रंथालयात लावा की. नादखुळा.

मधली ओळ
मी थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

वर सगळे प्रकाशकाला चोर ठरवून मोकळे झालेत. मी वीस वर्षं हस्तलिखितं वाचतेय, संपादनाचं काम करते. माझा स्वतःचा कथासंग्रह एका छोट्या प्रकाशकानंच काढला. त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. पण १४ महिने मला झोपू दिलं नाही. एक कथा तीनदा परत पाठवली. एका कथेत मी शेवटची चार पानं विरामचिन्हांशिवाय लिहिली होती. ते म्हणाले, "इथं स्वल्पविराम का नाही याचं कारण मला या पानात दिसत नाही, तुमच्या डोक्यात असेल." मी आठवडाभर चिडले होते. मग ती पानं पुन्हा लिहिली आणि कथा उभी राहिली.

स्वतः छापताना हे करणारं कुणी नसतं. जो प्रयोग करतो त्याला नेमकी याचीच गरज जास्त असते. आपली खोडी आणि आपला प्रयोग यातला फरक स्वतःला दिसत नाही. स्वतः छापायचा मोह म्हणजे पुष्कळदा "नाही" ऐकायचं टाळायचा मोह असतो. ताई, तुमचं पाणी १७ प्रकरणं चढतं. मधल्या पाच प्रकरणांत वाचक दमणार नाही, हे कुणी वाचून सांगितलंय का?

पंचगंगाकाठ
नाही. खरं सांगते, पूर्ण कादंबरी आजवर फक्त आईनं वाचलीय. ती ४६ व्या फुटाला थांबली. म्हणाली, मला पुढं नको. मी ते कादंबरीचं यश समजत होते. तुमचं वाचल्यापासून वाटतंय, ती दमली असेल का?

राजारामपुरी आठवी गल्ली
थोडं विषयांतर करतो. कवी अरुण कोलटकर आपल्या कोल्हापूरचे, जन्म इथलाच. पन्नाशीच्या दशकात त्यांनी मित्रांसोबत 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. पुढं १९७६ मध्ये मुंबईत त्यांनी, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी मिळून क्लिअरिंग हाउस ही कवींची सहकारी संस्थाच काढली. कोलटकरांचं 'जेजुरी' हे कवितांचं पुस्तक तिथूनच आलं आणि १९७७ ला त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. स्वतःचं स्वतः छापलं म्हणून काही ते कमअस्सल ठरलं नाही.

तेव्हा ताई, बिनधास्त छापा. मिसळ माझ्याकडून.

मधली ओळ
आठवी गल्ली, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ते चौघे होते. चार पक्के कवी एकमेकांचं वाचून, भांडून पुस्तक काढत होते. एकट्यानं डीटीपीवाल्याला फाइल देणं आणि हे, यांत फार अंतर आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली
मान्य. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मिसळ तुम्हालाही.

पिवळी पिशवी
मी स्वतः छापलंय, २०२२ मध्ये. दीर्घकथा, १६० पानं, ३०० प्रती, २९,००० रुपये. किंमत २०० ठेवली. खरा हिशेब देतो, कारण हा आकडा कुणी सांगत नाही.

हातोहात ११० गेल्या, त्या १५० रुपयांनी. दुकानांतून ३० गेल्या, दुकानदार ४० टक्के कापतो, हातात १२० येतात. दोन ग्रंथालयांनी मिळून १२ घेतल्या, त्याही १५० नं. ४० भेट दिल्या. बेरीज केली तर २१,९०० परत आले. ७,१०० अजून अंगावर आहेत आणि १०८ प्रती कॉटखाली.

पण त्या ११० तली जवळजवळ प्रत्येक प्रत कुणाकडं आहे ते मला माहीत आहे. पिवळी पिशवी घेऊन मी गारगोटीला गेलो, गडहिंग्लजला गेलो, कॉलेजांत बसलो. कागलच्या एका बाईंनी फोन करून तासभर वाद घातला, कथेतला म्हातारा शेवटी मरतो की नाही यावर. पोतं यांचं वाचलं तेव्हा मला माझे ७,१०० फार स्वस्त वाटले.

ज्याला पिशवी घेऊन हिंडायला जमत नाही त्यानं मात्र यात पडू नये. छापणं दोन महिन्यांत होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते मला अजून पुरतं जमलेलं नाही.

ग्रंथपाल
आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबद्दल, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं येणारे कितीतरी लेखक सांगतात की प्रकाशकानं आयएसबीएनचे दोन-तीन हजार वेगळे लावले. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची एजन्सी आहे, तिच्याकडं ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही अर्ज करू शकतो. वेळ लागतो, तेव्हा छपाईच्या बऱ्याच आधी करा.

पुस्तक आलं की ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. स्वतः छापणारे बहुतेक जण हे करत नाहीत, आणि तीस वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर पुस्तक कुठंच सापडत नाही. कॉटखालच्या १०८ पैकी चार तरी आज पाठवा, पिवळी पिशवी.

पहिलंच पुस्तक म्हणताय, तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघा. हस्तलिखित वाचून निवड होते.

आणि कोल्हापूरकरांनी ग्रंथालयांना विसरू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. संस्थानात ग्रंथालयांचा कायदा १९४५ ला झाला, महाराष्ट्राचा व्हायला १९६७ उजाडलं. एवढं वाचणारं गाव आहे हे. एका ग्रंथालयातली प्रत पन्नास जण वाचतात.

पिवळी पिशवी
उद्याच पाठवतो. शपथ.

रातराणी
किंडलवर मराठी चालतं की. छपाई नाही, गोदाम नाही, पूर नाही. तिथं का टाकत नाही?

शाईचे हात
साध्या कादंबरीला चालेल. पण नेहमीच्या ई-पुस्तकात वाचणारा अक्षर मोठं-बारीक करतो, तसा मजकूर ओघळतो आणि पानच बदलतं. ताईंचं पाणी कुठल्या पानावर किती चढलंय हे तिथं धरून ठेवता येणार नाही.

आलंया
मला एक वेगळंच दुखणं सांगायचंय. माझी कादंबरी आख्खी राधानगरीच्या बोलीत. प्रकाशक चांगला, पैसं मागितलं न्हाईत, छापली पण. पण प्रूफवाल्यानं माझ्या आज्जीचं "आलंया" सगळीकडं "आले आहे" केलं. "ऱ्हायलंय"चं "राहिले आहे". मी प्रूफं तपासली ती पहिल्या साठ पानांची, पुढं विश्वास ठेवला. छापून आल्यावर ६१ व्या पानावर आज्जी अचानक शाळामास्तरणीसारखी बोलायला लागली. मी ते पुस्तक अजून कुणाला दिलं न्हाई. आज्जी गेली त्याच वर्षी.

कुणाकडंही छापा ताई, पण शेवटचं प्रूफ स्वतः, ओळीवर पट्टी ठेवून बघा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातनं युनिकोडात आणताना "ऱ्य" आणि "ऱ्ह" मोडतात, ती अक्षरं येगळी हुडका.

मधली ओळ
आलंया, ते पुस्तक पुन्हा नीट छापायला हवं. साठ पानांपुढची सगळी आज्जी परत आणायची. मी वाचून देते, पैसे नकोत.

आलंया
काय बोलू. मूळ फाइल हाय माझ्याकडं. पाठवतो.

कवितेचं पोतं
मला आता वाटतंय ते सांगतो. ऐंशी हजार आपण देणार, प्रती आपण खपवणार, समारंभाचा चहासुद्धा आपला. मग प्रकाशक कोण? आपणच. फक्त हिशेब आणि हक्क दुसऱ्याकडं. त्यापेक्षा उघडपणे आपण प्रकाशक व्हावं आणि जे आपल्याला येत नाही, म्हणजे संपादन, मांडणी, प्रूफ, ते चांगल्या माणसाला पैसे देऊन करून घ्यावं. मी पंचेचाळीस हजार देऊन यातलं काहीच घेतलं नव्हतं.

कलम एकोणीस
आणि मधली ओळ म्हणतात तसे चौघे जमलेच तर आपापसातही लिहून ठेवा. मैत्रीतले करार आधी करायचे असतात.

पंचगंगाकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. मधे बरंच घडलं.

त्या प्रकाशकाला नकार कळवला. त्यांनी आधी साठ हजार, मग पन्नास केले. कागदाचं बिल दाखवाल का विचारलं तर म्हणाले, "विश्वासावर चालतं मॅडम हे क्षेत्र." फोन ठेवला.

कादंबरी मधली ओळ यांना दिली. त्यांनी ४४ ते ४८ ही प्रकरणं लाल करून पाठवली. ४६ व्या फुटाला आई थांबली होती तिथंच त्यांनी लिहिलं होतं: "इथं पाणी चढतंय, पण घरात काहीच घडत नाही. वाचक पाण्याकडं बघत बसलाय." दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग आठवलं की ४६ फुटांच्या रात्री आईनं देवघरातलं सगळं पोत्यात भरलं होतं आणि मी ते लिहिलंच नव्हतं. का नाही लिहिलं ते आत्ता सांगत नाही. पण आता लिहिलंय.

३०० प्रती काढतेय, स्वतःच्या नावानं, शाईचे हात यांच्याच प्रेसमध्ये. अनुदानाची वाट बघत नाही, या पावसाळ्याच्या आत पुस्तक हातात हवंय. आयएसबीएनचा अर्ज केलाय. परवा प्रेसवर डमी बघितली. ४३ व्या प्रकरणाचं पान हातात घेतलं आणि ती रेघ माझ्या अंगठ्याच्या वर होती. पान धरलं की अंगठा पाण्यात जातो. हे मी कधी ठरवलं नव्हतं. काका म्हणाले, समास दोन मिलिमीटर वाढवला तर सगळ्यांचाच जाईल. वाढवा म्हटलं.

पिवळी पिशवी, गारगोटीला पुन्हा जाल तेव्हा मला सांगा. येते मी पण.

पिवळी पिशवी
या की. चार प्रतींच्या पोचपावत्या आल्या तर त्याही दाखवतो.

जोंधळा
ताई, माझी एक प्रत धरा. आमचं घरबी तवा पाण्यात हुतं.

शाईचे हात
मंगळवारी छपाईच्या प्लेटा काढतोय. सोमवारपर्यंत शेवटचं प्रूफ द्या. ५५ व्या प्रकरणात पाचव्या पानावर वर दोन ओळी दिसतायत, एकच हवी ना?